कडी लागली? मग बोला

मित्रांनो, तक्रारीनेच सुरुवात करते. पोटात ठेवून ठेवून माझं पितळ काळं पडायची वेळ आली आहे.

आमच्या मालकीणबाई मला खुंटी समजत आल्या. बाजारातून आल्या, की पिशवी माझ्यावर. अंघोळ झाली, की ओला टॉवेल माझ्यावर. छत्री माझ्यावर, एप्रन माझ्यावर, आणि एकदा तर कांद्यांची जाळी आठवडाभर माझ्या मुठीला लोंबत होती. समोरच्या भिंतीवर दणकट खुंट्या आहेत, घरधन्यांनी स्वतः ठोकलेल्या. त्या रिकाम्या बसून माझी गंमत बघायच्या. पण बाईंना त्या दिसायच्या नाहीत, कारण दार सदा सताड उघडं आणि मी हाताशी. हाताशी असेल त्याची किंमत नसते, हे तुम्ही लहान असलात तरी लक्षात ठेवा.

मी खुंटी नाही. मी आतल्या खोलीच्या दाराची कडी आहे. जुनी आहे, पितळी आहे, आडवी सरकणारी आहे. समोर चौकटीवर कोयंडा आहे, म्हणजे मी सरकून ज्याच्यात जाऊन बसते तो. ते आमचे हे. हे दार बाहेरच्या बाजूला उघडतं. उघडं राहिलं, की मी जाते बाहेरच्या खोलीच्या भिंतीशी आणि हे राहतात चौकटीवर. या घरात आल्यापासून एक वेळ सोडली, तर वर्षानुवर्षं आमची गाठ पडली नाही. आमचा संसार कसा झाला असेल, तुम्हीच बघा.

शाळेत मी गेले नाही. माझ्या अंगावर एका शाळेच्या भिंतीचा उरलेला पिवळा रंग होता, तेवढंच माझं शिक्षण. तेव्हा बोलण्यात अधिकउणं आलं, तर चालवून घ्या. खोटं मात्र यायचं नाही.

ओतकामाच्या कारखान्यात वितळलेलं पितळ वाळूच्या साच्यात ओतलं आणि मी झाले. तिथे कानस चालवणारी एक बाई होती. तिने माझ्या कडा घासल्या आणि मला मागेपुढे सरकवून पाहिलं. मी अडले. तिने पुन्हा घासलं. मी पुन्हा अडले. तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "ही बया सुखासुखी सरकायची नाही. पण एकदा लागली, की कुणाच्या बापाला दाद द्यायची नाही." माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं कौतुक. ते मी अजून जपून ठेवलं आहे.

माझी कामाची वर्षं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंच्या तपासणीच्या खोलीला मी होते. बाहेर बाकांवर माणसं खोकत बसलेली. आत एकेक जण येई, खुर्चीच्या कडेवर टेके आणि म्हणे, "काही नाही, जरा डोकं दुखतं." डॉक्टरीणबाई काही न बोलता उठायच्या, मला सरकवायच्या, माझा खट् असा आवाज व्हायचा. मग त्या परत जागेवर बसून म्हणायच्या, "कडी लागली. आता बोला."

आणि माणसं बोलायची हो. डोकं कुणाचंच दुखत नसे.

काय बोलायची, ते विचारू नका. भिंतीला कान असतात म्हणतात, असतील. भिंतींच्या भानगडीत मी पडत नाही. पण कडीने ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, ही आमच्या कुळाची रीत. एवढी वर्षं काम केलं, पण ताकास तूर लागू दिली नाही. दवाखान्यातल्या त्या खट् आवाजाचा मला इतका अभिमान होता, की नुसत्या दाराला लटकलेल्या बिजागऱ्यांशी मी फार बोलतही नसे.

पुढे डॉक्टरीणबाई थकल्या, दवाखाना दुसऱ्याकडे गेला. नव्या मालकाला काचेची दारं हवी होती. काचेची. म्हणजे आत कोण रडतंय ते रस्त्यावरून दिसावं. असो. रंगकामाला आलेल्या रंगाऱ्याला आमचं जुनं लाकडी दार आवडलं. त्याने ते चौकटीसकट मागून घेतलं, हातगाडीवर घातलं आणि आपल्या घरी आणून आतल्या खोलीला बसवलं. तेच आमचे घरधनी.

माणूस गोगलगाय. बोलणं मोजकं. दुसऱ्यांची घरं चकचकीत करायची आणि आपल्या घराला गिऱ्हाइकांकडचे उरलेले डबे फासायचे, हा त्यांचा खाक्या. दवाखान्याच्या पांढऱ्यावर शाळेचा पिवळा चढला. त्यावर कुणाच्या तरी जिन्याचा हिरवा. त्यावर केस कापायच्या दुकानातला गुलाबी. दार रंगवताना ब्रश माझ्या अंगावरूनही फिरायचा आणि दर रंगाबरोबर मी थोडी थोडी जाम होत गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही. यायचं कसं? कडी लावायचा या घरात रिवाजच नव्हता.

तो रिवाज मालकीणबाईंनी मोडून ठेवला होता. त्या हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालतात. तिथे हात चालतात आणि घरी तोंडही चालतं. लहानपणी एका खोलीत घरभर भावंडांबरोबर वाढल्या. त्यांच्या हिशेबी दार लावून बसणारं माणूस आजारी तरी असतं, नाहीतर रुसलेलं तरी. थोरली मुलगी पंधरा वर्षांची असताना परीक्षेत नापास झाली आणि आतल्या खोलीत शिरून तिने मला ओढलं होतं. बाईंनी बाहेरून दार बडवून बडवून उघडायला लावलं. "रडायचं तर आमच्यात बसून रड," म्हणाल्या, "या घरात कुणी कुणापासून लपायचं नाही." तेव्हापासून मला कुणी हात लावला नाही. पिशवी तेवढी लावली.

मनाच्या वाईट नाहीत हो त्या. पण चांगल्या मनाची माणसं दारं जास्त बडवतात.

आता थोरलीचं सांगते. ती मोठी झाली आणि बस चालवायला लागली. एवढं मोठं धूड ती गल्लीबोळातून सुईत दोरा ओवावा तसं काढायची. मालकीणबाईंनी धोबीखान्यात, दुकानात, जिन्यात सगळीकडे सांगून ठेवलं होतं, की आमची मुलगी बस चालवते. ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं.

एके दिवशी उताराच्या वळणावर बाबागाडी सुटली. कुणाच्या तरी हातातून निसटली आणि घरंगळत थेट बसच्या पुढ्यात आली. थोरलीने ब्रेक दाबला. वीतभर अंतर राखून बस थांबली. लोक धावले, बघतात तर बाबागाडीत बाजारहाट. एक मोठा कोबी आणि टेबलावरचा दिवा. सगळी बस हसली, टाळ्या पडल्या. थोरलीही हसली. तिने बस नीट डेपोत नेऊन लावली. मग तिचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. शेजारच्या बसवाल्याने एकेक बोट उकलून सोडवले.

त्या दिवसापासून वळण आलं, की तिचे हात लाकडाचे व्हायला लागले. डेपोच्या मुख्य बाईंनी तिला रजा दिली. म्हणाल्या, की एक समुपदेशक बाई आहेत, टॅबच्या पडद्यावर भेटतात, मोजक्याच भेटी असतात, त्यांच्याशी बोल. बोलून झाल्यावर सांग, बस चालवणार की तिकिटाच्या खिडकीत बसणार. खिडकीत बसणं काही कमीपणाचं नाही. पण थोरलीचा जीव त्या चाकात होता, आणि एकदा खिडकीत गेलेलं माणूस पुन्हा बसवर येत नाही, हे डेपोत सगळ्यांना ठाऊक होतं.

घरात मात्र या प्रसंगाची झाली गंमत. कुणी पाहुणं आलं, की मालकीणबाई ती गोष्ट सांगायच्या, आणि सांगायच्या त्या अशा रंगवून, जशी घरधन्यांनी भिंत रंगवावी. बाबागाडी कशी आली, लोक कसे किंचाळले, आणि मग पदर तोंडाला लावून शेवट: "आमच्या मुलीने कोबीचा जीव वाचवला." सगळे पोट धरधरून हसायचे. थोरलीही हसायची. मी तिच्या पाठीशीच भिंतीला असायचे. तिचा डावा हात मांडीखाली दाबलेला असायचा. तो मला दिसायचा.

पहिल्या भेटीचा दिवस आला. थोरलीने आतल्या खोलीत घडी घातलेल्या चादरींच्या ढिगाला टॅब टेकवला आणि समोर बसली. ठरल्या वेळी पडद्यावर त्या समुपदेशक बाई आल्या. घरात त्यांचं नाव पडलं पडद्यातली बाई.

आता या घराची रीत अशी, की पडद्यावर कुणीही आलं की ते घरचं पाहुणं. टॅब सगळ्यांच्या हातून फिरतो. लांबच्या मावशीचा फोन आला तरी तो एका दमात स्वयंपाकघर, बाल्कनी आणि न्हाणीघराचा गळका नळ पाहून येतो. मालकीणबाईंना आतून परका आवाज ऐकू आला. त्या हात पुसत आत गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, बाईंना इथे अंधारात काय बसवलंस?" त्यांनी टॅब उचलून बाहेर आणला आणि पाण्याच्या जगला टेकवून मधोमध मांडला.

मग काय विचारता. घरधन्यांनी मान हलवून ओळख दिली. धाकटा मुलगा चष्म्याच्या दुकानात आहे. त्याने पडद्यातल्या बाईंना सांगितलं, की तुमची फ्रेम नाकावरून घसरते आहे, दांड्या आवळून घ्या. मालकीणबाईंनी चहा झाला का विचारलं, आणि मग, पाहुण्यांना सांगायचं म्हणून, कोबीची गोष्ट सांगितली. नेहमीपेक्षा जास्त रंगवून. सगळे हसले. थोरली हसली.

पडद्यातली बाई हसली नाही. रागावलीही नाही. सगळ्यांना भेटून बरं वाटलं म्हणाली आणि आता थोरलीशी एकटीशी बोलू द्या म्हणाली. थोरली टॅब घेऊन आत गेली. दार उघडंच होतं, मालकीणबाई उंबऱ्यापाशीच बटाटे सोलत बसल्या होत्या, तेव्हा पुढचं बोलणं सगळ्या घराने ऐकलं. ते सांगायला माझी हरकत नाही.

पडद्यातल्या बाईने विचारलं, खोलीत आणखी कुणी आहे का. थोरली म्हणाली, खोलीत नाही, पण घरात सगळे आहेत. दार उघडं आहे का? उघडं आहे, आमच्याकडे लावत नाहीत. त्यावर त्या बाईने सांगितलं, की इथे बोललेलं माझ्यापाशी राहील. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतणारं काही असेल, तरच मला कुणाला सांगावं लागेल, आणि ते आधी तुम्हाला सांगेन. मी कान टवकारले. आमच्या कुळातली दिसतेय, म्हटलं.

"आपल्या भेटी थोड्या आहेत," ती म्हणाली. "सगळं आयुष्य उसवून शिवायला बसलो तर पुरायच्या नाहीत. एकच गोष्ट धरू. शेवटच्या भेटीनंतर तुम्हाला काय वेगळं झालेलं हवं?"

बाहेर बटाट्याची साल पडायची थांबली.

"वळणावर हात मोकळे हवेत," थोरली म्हणाली.

मग त्या बाईने तिला घरचा अभ्यास दिला. पुढच्या भेटीआधी रोज थोडा वेळ दार लावून बसायचं. बोलायचं नाही, काही करायचं नाही. फक्त घरच्यांना आधी सांगायचं, की मी दार लावते आहे. पुढची भेट लागलेल्या दाराआड घेऊ.

मित्रांनो, माझी छाती फुगली. इतक्या वर्षांनी माझं नाव निघालं. संध्याकाळी थोरलीने माझ्यावरची पिशवी काढली, दार ओढलं आणि मला सरकवायला गेली.

मी हललेच नाही.

तिने जोर लावला. गुलाबी रंगाचा पापुद्रा उडाला, पण मी जागची हलले नाही. मला का सरकायचं नव्हतं? पण चार रंगांनी मला असं धरून ठेवलं होतं, की समोर हे एवढ्या जवळ असून मी तिथवर पोचू शकले नाही. थोरलीचं अंगठ्याचं नख मोडलं. स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज आला, की त्या दाराशी काय झोंबते आहेस, ते जन्मात लागलेलं नाही. थोरलीने हात सोडला आणि जाऊन खाटेवर बसली. दार आपोआप हळूहळू उघडत गेलं, आणि मी पुन्हा बाहेरच्या भिंतीला येऊन टेकले. दवाखान्यात नाक वर करून वागणारी मी, त्या संध्याकाळी बिजागऱ्यांकडेसुद्धा मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी घरधनी कामावरून आले. कपडे न बदलता माझ्यासमोर स्टूल घेऊन बसले. पिशवीतून खरवडायची पत्री, थिनरची बाटली आणि चिंध्या काढल्या. गरम पाण्याची चिंधी माझ्यावर दाबून धरली. आधी गुलाबी निघाला, मग जिन्याचा हिरवा, मग शाळेचा पिवळा, मग दवाखान्याचा पांढरा. एकेक रंग उतरत गेला तशी मी आपली मलाच ओळखू यायला लागले. शेवटी पितळ दिसलं. त्यांनी सायकलच्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि मला मागेपुढे केलं. मी सरकले.

मालकीणबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "आता हे कशाला? ती काय आत चोरी करणार आहे?"

घरधन्यांनी चिंधी पिळली. "कडी आहे," ते म्हणाले, "लागली पाहिजे."

एवढंच. पण त्यांच्या मानाने ते भाषण होतं.

पुढच्या भेटीला थोरलीने बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, की मी दार लावते आहे. दार ओढलं. मी सरकले, आणि खट्. चौकटीवर आमचे हे भेटले. हे जरा सैल झाले होते, मी जरा बारीक. "ओळखलंत का?" मी विचारलं. "आवाजावरून ओळखलं," हे म्हणाले. आमचं एवढंच बोलणं झालं, कारण तेवढ्यात पडद्यातली बाई म्हणाली, "दार लागलं? मग बोला."

अगदी तेच शब्द म्हणा ना. मी दवाखान्यात असल्यासारखी ताठ झाले.

आत काय बोलणं झालं, ते मी सांगणार नाही. त्या भेटीतलं नाही, त्यानंतरच्याही नाही. तुम्ही कितीही गोड बोललात तरी नाही. हे आत्मवृत्त आहे, आणि ती गोष्ट माझी नाही.

बाहेर काय झालं, ते सांगते. मालकीणबाईंनी चहा केला आणि सवयीने दार ओढलं. मी धरून ठेवलं. त्यांनी पुन्हा ओढलं. "अगं, चहा," त्या म्हणाल्या.

"आई, थोड्या वेळाने," आतून आवाज आला.

त्या घरात बाईंच्या चहाला थोड्या वेळाने असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. बाई कप हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी कान दाराला लावला. फटीतून त्यांचा श्वास मला लागत होता. आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. त्या परत गेल्या आणि भांडी अशी आदळली, की शेजारच्या घरातलं कुत्रं उठून बसलं. घरधन्यांना म्हणाल्या, आत माझीच उणीदुणी काढत असणार. परक्या बाईला सांगते आणि जन्म दिला तिला दारातून परत पाठवते. बाईंना खरंच भीती वाटत होती हो. ज्या घरात दार लागत नाही, त्या घरातल्या माणसाला लागलेलं दार म्हणजे आपल्याला बाहेर काढल्यासारखं वाटतं.

अशा दोनतीन भेटी झाल्या. एका भेटीनंतर थोरलीने मला मागे सरकवलं, दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबली. बाई समोर चादर घडी करत होत्या. हे बोलणं उघड्या दारात झालं, म्हणून सांगते.

"आई, कोबीची गोष्ट सांगत जाऊ नकोस."

"का गं? वाईट काय आहे त्यात? लोक हसतात."

"मीही हसते. ते खोटं असतं." थोरलीने चौकट धरली होती. "ब्रेक दाबला तेव्हा मला कोबी दिसला नव्हता, आई. मला बाळ दिसलं होतं. ते मला अजून दिसतं."

बाईंच्या हातातली चादर अर्धी घडी होऊन तशीच राहिली. मग त्या पाणी भरायला निघून गेल्या. पुढचे काही दिवस घरात कामापुरतं बोलणं. मीठ दे, दिवा लाव, एवढंच. माझ्यावर पिशवी येत राहिली, पण ठेवताना पूर्वीसारखी आदळत नव्हती.

आणि मग आत्याबाई आल्या. घरधन्यांची बहीण. न विचारता येतात आणि विचारल्याशिवाय जात नाहीत. नेमकी त्याच वेळी थोरली आत भेटीला बसलेली. आत्याबाईंनी बंद दार पाहिलं आणि भुवया टाळूपर्यंत नेल्या.

आजारी आहे का? नाही. भांडण झालंय का? नाही. मग दार का लावलंय? आत्याबाई उठल्या. म्हणाल्या, मी बघते जाऊन. त्यांनी दाराला हात घातला.

माझी तयारी होती. पण वेळ आली नाही. मालकीणबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. दाराला पाठ लावून. त्यांच्या पाठीचा भार लाकडातून माझ्यापर्यंत आला.

"आत माझी मुलगी बोलते आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा. चहा घ्या."

आत्याबाई बसल्या, पण बसून राहतील तर त्या आत्याबाई कसल्या. नाक मुरडून म्हणाल्या, बोलून कधी कुणाचं दुखणं बरं झालंय. मग विषय बदलायला म्हणून म्हणाल्या, "बरं वहिनी, ती कोबीची गोष्ट सांगा ना पुन्हा. माझ्या शेजारणीला सांगायची आहे, तुमच्यासारखी जमत नाही."

मित्रांनो, मला वाटलं, आता सांगतात. गोष्ट ओठांवर होती, ऐकणारं माणूस समोर होतं. रंगवून सांगणाऱ्याला याहून काय हवं?

"ती गोष्ट माझी नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "जिची आहे ती सांगेल. तिला वाटलं तर."

दारामागे आमची बाजू एकदम शांत झाली होती. लाकूड जुनं आहे, मधून आवाज जातो. आत काय झालं, ते मी सांगणार नाही, ठरलं आहे. पण भेट संपल्यावर थोरलीने दार उघडलं, ती सरळ आईपाशी गेली आणि तिच्या हातातला गार झालेला चहा घेऊन प्यायली, हे सगळ्यांच्या देखत झालं.

त्यानंतर गाडी रुळावर आली म्हणायला हरकत नाही. पडद्यातल्या बाईने दिलेला अभ्यास आता बाहेर चालायचा. थोरली आधी डेपोच्या आवारात रिकामी बस फिरवायला लागली, सावकाश, शेजारच्या बसवाल्याला बाजूला बसवून. मग रस्त्यावर, पण उताराचं वळण सोडून. मग ते वळणही. काही दिवस हात पुन्हा अडकायचे; घरी आल्यावर ती दार लावून थोडी बसायची आणि उठून जेवायला यायची. कुणी काही विचारत नसे. बाई ताट झाकून ठेवायच्या.

शेवटची भेट झाली तशी थोरली बाहेर येऊन म्हणाली, की डेपोला कळवलं, चालवणार. घरधन्यांनी मान हलवली. धाकट्याने विचारलं, पडद्यातल्या बाईंनी चष्म्याच्या दांड्या आवळल्या का. आवळल्या होत्या. मालकीणबाई उठल्या, माझ्यावरची पिशवी काढली आणि भिंतीवरच्या खुंटीला लावली. खुंट्यांची तोंडं बघायला हवी होती तुम्ही.

आता माझं शेवटचं सांगते.

परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. घरधनी बाल्कनीत ब्रश धूत होते, तेवढेच. मालकीणबाई धोबीखान्यातून आल्या. पिशवी खुंटीला लावली. मग आतल्या खोलीत आल्या, दार ओढून घेतलं आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. जन्मात कधी मला लावलं नव्हतं त्यांनी. आधी उलट्या बाजूला ओढलं. मग वर उचलायला गेल्या. मी पडद्यातल्या बाईचं शहाणपण शिकले आहे, गडबड केली नाही. शेवटी त्यांना जमलं. खट्.

त्या खाटेवर बसल्या. चादरींचा ढीग शेजारी होता, पण त्यांनी एकही ओढून घेतली नाही. हात मांडीवर ठेवले. रिकामे. इतकी वर्षं मी त्यांना पाहते आहे, त्या हातांना रिकामं पाहिलं नव्हतं. टॅब बाजूला होता, त्यालाही हात लावला नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या. पुढे कधीतरी बोलतील, नाहीतर बोलणारही नाहीत. तो त्यांचा प्रश्न. सुरुवात बोलण्याने होत नाही, मित्रांनो. सुरुवात दार लावण्याने होते.

बाल्कनीतून घरधनी आले. दार बंद पाहून थबकले. हळूच टिचकी मारली.

"आहे मी," बाई आतून म्हणाल्या. "थोड्या वेळाने."

पावलं परत गेली.

तुमच्या घरातही माझी एखादी बहीण असेल. तिला पिशव्या लावू नका. रंगवताना तिच्यावरून ब्रश फिरवू नका, वर्षातून दोन थेंब तेल द्या. आणि घरातलं कुणी तिला सरकवून आत बसलं, तर बाहेर थांबा. तुमच्यावर रागावून बसलेलं नसतं ते. उठून येतं.

मालकीणबाईंना मात्र मला माझा निकाल द्यायचाच होता. इतकी वर्षं तुंबलेला होता. त्या दुपारी शेवटी त्या खाटेवरून उठल्या, माझ्यावर हात ठेवला, आणि मागे सरकताना मी खणखणीत आवाजात सुनावलं, "बाई, मला खुंटी केलंत, ते मी विसरणार नाही. पण नणंदेसमोर दाराला पाठ लावून उभ्या राहिलात, त्या दिवशी तुम्ही माझ्याहून चांगली कडी होतात. या पुन्हा. तुम्ही उघडाल तेव्हाच उघडेन."